पिकअप, पाटे आणि एटी कार्ट

"दादा, गाडी तीन इंच उचलून घ्यायची म्हणतोय. पुढून पण, मागून पण."

धाकट्या भावाचा हा फोन आला तेव्हा मी लखनौ छावणीत संध्याकाळच्या रोल कॉलला निघालो होतो. रोल कॉल झाला, जेवण झालं, पण डोक्यातून ते तीन इंच गेले नाहीत. आमच्या घरचा पिकअप हा साधा, मागच्या दोन चाकांना ताकद देणारा, टू व्हील ड्राइव्ह. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हता. माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून डाळिंबाचे क्रेट आणि कांद्याची पोती बाजारात नेणं हे त्याचं काम. वाटेत ओढा आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी तिथं खोल चाकोऱ्या पडतात, मधे उंचवटा राहतो आणि भरलेल्या पिकअपचं पोट त्या उंचवट्याला घासतं. भावाला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला, त्यात कुणीतरी 'लेव्हलिंग किट' बसवून असाच पिकअप रुबाबात उभा केला होता. झालं.

मी एएससीचा माणूस. अठरा वर्षं गाडीच्या स्टिअरिंगमागे काढली आहेत. गाडी उचलणं ही गोष्ट मला नवी नाही. पण आमच्या घरात ही गाडी एकदा आधी उचलली गेली होती आणि त्याचं काय झालं ते भाऊ विसरला असला तरी मी विसरलेलो नाही. ते पुढे सांगतो. आधी लखनौ.

आमची सकाळची धाव दिलकुशा कोठीच्या बाजूनं जाते. आता कोठीचे नुसते अवशेष उरलेत, पण बाग छान ठेवली आहे. १८०० च्या सुमारास नवाब सआदत अली खानाच्या काळात गोर औसली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती बांधली, शिकारीसाठी आणि उन्हाळ्यातल्या मुक्कामासाठी. त्याच काळात, १८०४ साली, इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं एक पेटंट घेतलं. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून, दोन कमानी तोंडाला तोंड लावून त्यानं लंबगोल स्प्रिंग केली आणि बग्गीचं अंग सरळ तिच्यावर बसवलं. त्याआधी चांगल्या बग्ग्यांचं अंग चामड्याच्या पट्ट्यांना टांगलेलं असे आणि खाली भलंमोठं जड लाकूड लागे. इलियटच्या कमानीनं ते लाकूड गेलं, गाडी हलकी झाली. आज आमच्या पिकअपखाली जे पाटे आहेत, ती त्या कमानीचीच खालची अर्धी बाजू.

इथल्या रस्त्यावर मात्र सामान्य माणसाची गाडी होती एक्का. एक घोडा, दोन उंच चाकं, वर सपाट बैठक. जुन्या एक्क्याला स्प्रिंग नसे. त्याच्या जोडीला टांगा आला, तो बुटका, पाठीला पाठ लावून बसायचा आणि खाली कमानी असलेला. रूमी दरवाज्याच्या परिसरात अजून टांगे दिसतात. मी एका रविवारी मुद्दाम वाकून टांग्याखाली बघितलं, तर टांगेवाला म्हणाला, "क्या देख रहे हैं साहब, इंजन उधर आगे है." मी पाटे मोजत होतो.

एक्का उंच होता, पण आरामाचा नव्हता. उंची चाकाची होती. आराम द्यायला स्प्रिंग लागते आणि उंची द्यायला चाक लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या भावाला आणि व्हिडिओवाल्याला त्या एकच वाटतात.

आता थोडं वेगळीकडे जातो, पण परत याच जागी येणार आहे.

स्प्रिंग नसलेल्या गाडीत जखमी माणूस घातला तर काय होतं, हे हिंदुस्थानी फौजेनं १९१५ साली मेसोपोटेमियात बघितलं. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पूना डिव्हिजन बगदादच्या दिशेनं सरकत होती. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती, ११७ वी मराठा होती. म्हणजे आपल्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचीच पोरं. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफोनजवळ तुर्कांशी लढाई जुंपली आणि पुढच्या तीन-चार दिवसांत आपल्या बाजूचे चार हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले. जखमींना टायग्रिस नदीकाठी, लज्ज नावाच्या ठिकाणी उभ्या असलेल्या बोटींपर्यंत पोचवायचं होतं. अँब्युलन्स गाड्या पुरेशा नव्हत्या. होत्या त्या एटी कार्ट, म्हणजे आर्मी ट्रान्सपोर्ट कार्ट.

एटी कार्ट वाईट गाडी नव्हती, हे आधी सांगायला हवं. दोन चाकं, दोन खेचरं, मोडायला फारसं काही नाही आणि जिथं मोठी गाडी अडते तिथून ही जाते. दारूगोळा, पीठ, डाळ, चारा नेण्यासाठीच ती बनवली होती. पिठाच्या पोत्याला धक्का लागत नाही, म्हणून तिला स्प्रिंग नव्हती. स्प्रिंग म्हणजे जास्तीचं वजन आणि तुटायची जास्तीची जागा. ज्यानं ती गाडी आखली त्यानं आपलं काम चोख केलं होतं. पण टेसिफोनला त्या गाडीत मांडी फुटलेला, पोटात गोळी लागलेला माणूस ठेवला गेला आणि कोरड्या, चरांनी फाटलेल्या जमिनीवरून खेचरं चालू लागली.

पुढे १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला. जखमींचे जे हाल झाले त्यावर त्यात कडक ताशेरे होते आणि बिनस्प्रिंगच्या गाड्यांचा त्यात उल्लेख आहे. लंडनमध्ये गदारोळ झाला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या गाड्या हाकणारे सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअरचे ड्रायव्हर होते. म्हणजे आमच्या एएससीचे पूर्वज. त्यांच्यावर कुणी ताशेरे ओढले नाहीत आणि त्यांचं काय म्हणणं होतं ते कुणी लिहूनही ठेवलं नाही. मागे माणसं ओरडतायत आणि हातात खेचरांचा लगाम आहे. हळू हाकावं तर पुढचा जखमी रात्रभर उघड्यावर राहणार, जोरात हाकावं तर मागचा मरणार. मी ड्रायव्हर आहे, मला ती जागा कळते.

याच लखनौत त्याच्या साठ वर्षं आधी जखमी डोलीतून नेले जात. १८५७ च्या नोव्हेंबरात हॅवलॉकला आजारी अवस्थेत डोलीतूनच दिलकुशात आणलं आणि २४ तारखेला तो तिथंच मेला. डोली वाहणारे इकडचे कहार, आपल्याकडचे भोई. माणसाचा खांदा आणि गुडघा यांच्यासारखी स्प्रिंग नाही. डोली हळू चालते, चार माणसं खाते, पण आतल्याला हिसका बसत नाही. इथं छावणीत आर्मी मेडिकल कोअरचं सेंटर आहे. तिथला माझा एक ओळखीचा नर्सिंग असिस्टंट म्हणतो की स्ट्रेचर उचलताना पावलं जुळवून टाकायची नाहीत, उलट मोडून टाकायची, म्हणजे स्ट्रेचर झुलत नाही. भोयांना हे कुणी शिकवलं नसेल.

आता घरची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, कांद्याला भाव होता आणि पिकअपवर वजन जास्त पडत होतं. मागचे पाटे बसले होते. तेव्हा भावानं आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याकडून मागच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पाटे जास्तीचे घालून घेतले. मागची बाजू चांगलीच वर आली आणि गाडी नाकावर वाकल्यासारखी दिसायला लागली. मग त्याच माणसानं पुढचे टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पुढची बाजूही वर घेतली. गाडी सरळ दिसू लागली. भावानं फोटो पाठवला, मीही 'भारी' म्हणून अंगठा दाखवला. त्या वेळी मी पंजाबात होतो.

भरलेली गाडी खरंच छान चालायची. टनभर माल टाकला की पाटे बसत, गाडी सपाट होई, कुठं घासत नसे. रिकामी परत येताना आदळायची. पण रिकाम्या गाडीत आदळायला कोण असतं? ड्रायव्हर पुढे गादीवर.

पुढच्या पावसाळ्यात आई गोठ्यात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला दोन तास लागतील असं कळलं. भावानं पिकअपमध्ये गादी टाकली, वर गोधड्या टाकल्या, आईला ठेवलं, भावजय शेजारी बसली आणि दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत सातारा गाठला. सत्तरेक किलोमीटर. मागे वजन म्हणाल तर दोन बायका आणि एक गादी. पाटे टनभर मालासाठी ताठ केलेले. प्रत्येक खड्ड्यावर मागचं अंग उडत होतं. कोरेगावच्या अलीकडे आईनं भावजयीला सांगितलं की त्याला म्हणावं गाडी थांबव, मी इथंच उतरते. मोडलेल्या खुब्याची बाई उतरते म्हणाली. हे मला भावजयीनं सांगितलं, भावानं कधी नाही.

ऑपरेशन झालं, आई आज वॉकर घेऊन अंगणापर्यंत येते. भावानं त्याच आठवड्यात ते सहा पाटे काढून टाकले. मी तेव्हा रजेवर येऊ शकलो नाही. मेसोपोटेमियाबद्दल मी नंतर वाचलं आणि वाचताना कोरेगाव रस्ता डोळ्यांसमोर आला. खोटं कशाला बोलू, तो इतिहास मला त्यामुळेच कळला.

म्हणून परवाच्या फोननंतर मी रविवारी कानपूर रोडवरच्या ट्रान्सपोर्ट नगरात गेलो. लालबागेत गाड्या सजवणारी दुकानं आहेत, तिथं गेलो नाही, कारण मला चकचकीत डबा नको होता, कमानीचं काम करणारा माणूस हवा होता. इकडे पाट्यांना कमानी म्हणतात आणि एकेका पाट्याला पत्ती. एका शेडपुढे पत्त्यांचा ढीग होता, भट्टी होती आणि सत्तरीचे एक चचा स्टुलावर बसून पोराला शिव्या घालत होते. मी भावानं पाठवलेली मापं दाखवली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, चारही चाकं. एवढं तरी मी त्याच्याकडून करून घेतलं होतं.

चचांनी कागद बघितला आणि विचारलं, "उठाना किसलिए है?"

मी म्हणालो, पोट घासतं.

"कौन सा पोट?"

हा प्रश्न मला अठरा वर्षांत सुचला नव्हता म्हणायला लाज वाटते. टू व्हील ड्राइव्ह पिकअपचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शिअल. तो अ‍ॅक्सलवर आहे, अ‍ॅक्सल चाकांवर आहे. पाटे वाढवा, अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी ठोकळे घाला, काहीही करा, बॉडी वर जाते, डिफरन्शिअल आहे तिथंच राहतो. तो वर न्यायचा तर मोठा टायर लागतो आणि टायरचा व्यास दोन इंच वाढवला तर डिफरन्शिअल फक्त एक इंच वर जातो. भावाला फोन लावला. ओढ्यातल्या उंचवट्याला नक्की काय घासतं ते खाली झोपून बघ म्हटलं. तासाभरानं फोटो आला. डिफरन्शिअलच्या तळाला चकाकी होती आणि तिथं माती बसली होती. सायलेन्सर, चेसी, सगळं कोरडं. म्हणजे तीन इंचाच्या सगळ्या खर्चानं ओढ्यातली अडचण एका सुतानंही कमी झाली नसती.

चचांनी दुसरी गोष्ट सांगितली ती कमानीची. रिकामा पिकअप मागून दोन-अडीच इंच उंच असतो, तो दोष नाही. कारखान्यानं ते मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण माल टाकल्यावर त्यानं सपाट व्हायचं असतं. अमेरिकेत लोक पिकअप घरच्या मोटारीसारखा रिकामाच फिरवतात, म्हणून त्यांना ते नाकावर वाकलेलं रूप आवडत नाही. ते पुढची बाजू उचलून गाडी सपाट करतात, तेच ते 'लेव्हलिंग'. आपल्याकडे उलट, माल जास्त भरतो म्हणून मागची बाजू उचलतो. दोन्हीकडे गाडी दिसायला सरळ होते, पण त्यांची गाडी रिकामी असताना सरळ आणि आपली भरल्यावर. एकाचं औषध दुसऱ्याच्या दुखण्याला लावून उपयोग नाही.

पाट्याचा हिशोब ढोबळ असा. सारख्याच लांबी-जाडीचे सहा पाटे असतील आणि तसेच तीन आणखी घातले, तर कमान दीडपट ताठ होते. उंची वाढते ती त्या ताठपणाबरोबर. नुसती उंची मिळत नाही. आणि टू व्हील ड्राइव्हमध्ये याचा आणखी एक तोटा आहे. ताकद फक्त मागच्या चाकांना. रिकाम्या गाडीत मागे वजन कमी, त्यात पाटे ताठ, मग चाक खड्ड्यावरून उडतं आणि जेवढा वेळ हवेत तेवढा वेळ ताकद वाया. चिखलात उंच उभी राहिलेली टू व्हील ड्राइव्ह तिथंच फिरत बसते. उंचीनं ती फोर बाय फोर होत नाही.

पुढच्या टॉर्शन बारबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. आर्मर्डचे जवान हे वाचत असतील तर त्यांना हा बार सांगायची गरज नाही. विजयंता आणि टी-७२ दोन्ही याच तत्त्वावर उभे राहिले, अर्जुनला मात्र हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन आहे. मोटारीत १९३४ च्या सिट्रोएननं हा बार चांगलाच गाजवला. पोलादाचा लांब दांडा, एक टोक चेसीला, दुसरं चाकाच्या आर्मला, चाक वर गेलं की दांडा पिळला जातो. बोल्ट आवळला की गाडी वर येते, म्हणून लोकांना वाटतं बार ताठ झाला. तसं नाही. बार तेवढाच ताठ राहतो, फक्त उभं राहायची जागा बदलते. चाकाला खाली जायला जी जागा होती ती आपण खाऊन टाकतो. मग खड्डा आला की चाक खाली लटकायच्या आत थडकन अडतं. वरून चाकांचा कोन बिघडतो आणि टायर एका कडेनं झिजतो. आमच्या गाडीचे पुढचे दोन टायर त्या वर्षी असेच गेले होते, तेव्हा आम्ही रस्त्याला दोष दिला होता.

याचा अर्थ टू व्हील ड्राइव्ह उचलूच नये असा नाही. फौजेनं ते केलं आहे आणि उत्तम केलं आहे. १९४० साली कैरोत मेजर बॅग्नोल्डनं लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला, तेव्हा लिबियाच्या वाळवंटासाठी त्यानं ३० हंड्रेडवेटचे शेवरोले ट्रक घेतले. टू व्हील ड्राइव्ह, बाजारातले. मधे काही काळ फोर बाय फोर फोर्ड आले, पण ते जड आणि पेट्रोल फार पिणारे, म्हणून १९४२ मध्ये पुन्हा टू व्हील ड्राइव्ह शेवरोलेच आले. दरवाजे, टप काढून टाकले, पाटे वाढवून घेतले, रुंद टायर घालून हवा कमी ठेवली, रुतल्यावर चाकाखाली घालायला लोखंडी पत्रे घेतले. त्याच ग्रुपबरोबर पुढे आपल्या घोडदळाच्या जवानांची इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन होती. पण बघा, त्यांच्या गाड्या कायम भरलेल्या असत. आठवड्यांचं पेट्रोल, पाणी, दारूगोळा, मशिनगन. वजन ठरलेलं होतं आणि पाटे त्या वजनासाठी वाढवले होते.

अमेरिकेत तसंच काही वेगळ्या वाटेनं झालं. मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात १९६७ पासून मोठी शर्यत होते. शर्यतीआधी रस्ता पाहून यायला लोक साधे टू व्हील ड्राइव्ह पिकअप उचलून नेत, त्यांना प्रीरनर म्हणत. टोयोटानं १९९८ मध्ये त्याच नावानं टू व्हील ड्राइव्ह पिकअप काढला, फोर बाय फोरच्या उंचीचा. म्हणजे जी उंची पोरं गॅरेजमध्ये करत होती ती कारखान्यानं आखून दिली. पुढचे आर्म, स्प्रिंग, सगळं एकमेकांशी जुळवून. फरक एवढाच आणि तो मोठा आहे.

आपल्याकडे पिकअपचा जमाना त्या मानानं अलीकडचा. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली ती स्वातंत्र्याच्या आसपास, आणि गावोगावी त्याच जीपांच्या मागे माल भरला जाई. टाटांची टाटामोबाइल १९८८ मध्ये आली. लखनौत टाटांचा कारखाना १९९२ चा, तो देवा रोडला चिनहटकडे. पिकअप गावात आला तेव्हा तो माल वाहायला आला, पण महिन्याभरात त्यात वऱ्हाड बसलं, खुरपायला जाणाऱ्या बायका बसल्या, जत्रेला जाणारी पोरं बसली आणि कुणाची तरी आई झोपली. कारखान्याच्या कागदावर ही माणसं नाहीत. कायद्यातही मागे माणसं बसवायला मनाई आहे, पण वस्तीवर रात्री अकराला हाड मोडलं की कायदा कुणाला आठवतो.

कायद्याचंच निघालं म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कारखान्याच्या मूळ नमुन्यात नोंदलेल्या गोष्टींपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. इन्शुरन्सवाला अपघातानंतर हेच कलम काढतो. भावाला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजातला व्हिडिओ थोडा उतरला.

चचांशी बोलून जे ठरलं ते असं, आणि ते गेल्या महिन्यात साताऱ्यात करून घेतलं. बसलेले पाटे भट्टीत घालून पुन्हा वाकवायचे नाहीत. चचांच्याच शेडमध्ये भट्टी असूनही ते म्हणाले की तापवलेल्या पोलादाला पाणी नीट चढवलं नाही तर ते महिन्यात परत बसतं किंवा तुटतं. त्यांचं स्वतःचं पोट त्यावर चालतं, तरी म्हणाले. मूळ आकड्याचेच नवे पाटे दोन्ही बाजूंना घातले. त्याखाली एकच सरळ, जाड हेल्पर पाटा, जो रिकाम्या गाडीत बाकीच्यांना टेकतच नाही. माल पडला, वरचे पाटे दबले की मग तो कामाला लागतो. यू-बोल्ट आणि बुश नवे. पुढचे टॉर्शन बारचे बोल्ट सैल करून पुस्तकातल्या मापावर आणले, व्हील अलाइनमेंट केली. मागची बाजू सव्वा इंच वर आली, म्हणजे नवी असताना जिथं होती तिथं. तीन इंच नाही. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे भाऊ विसरेल म्हणून मी मोबाइलमध्ये तारीख लावून ठेवली होती आणि फोन केला होता.

ओढ्याचं काम त्याहून स्वस्तात झालं. वस्तीवरच्या चार घरांनी मिळून दोन ट्रॉली मुरूम आणि दगड टाकले, मधला उंचवटा फावड्यानं उतरवला, चाकोऱ्या भरल्या. एक दिवस लागला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा टाकावे लागतील.

परवा भावानं आईला फेरतपासणीला साताऱ्याला नेलं. पुढच्या सीटवर, उशी घेऊन. मी संध्याकाळी फोन केला, गाडी कशी वाटली विचारलं. आई म्हणाली, कोरेगावपर्यंत झोपले होते, मग ह्यानं गाणी लावली.

ते काढलेले सहा पाटे इतकी वर्षं गोठ्यामागे पडून होते. त्यातल्या चारांचे लोहारानं कोयते आणि खुरपी करून दिली, पाट्याच्या पोलादाला धार चांगली धरते. एक कुणीतरी मागून नेला. सहावा गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला आहे, आई जिथं घसरली होती त्या उंबऱ्याशी.